चिरा नाही, टाका नाही: आवाजाने होणारी शस्त्रक्रिया चालते कशी?

'ध्वनिलहरींनी मेंदूची शस्त्रक्रिया', 'चाकू न लावता यकृतातली गाठ नष्ट' अशा बातम्या हल्ली अधूनमधून वाचायला मिळतात. वाचणाऱ्याच्या मनात दोन शंका लगेच येतात. सोनोग्राफीत पोटातलं बाळ दाखवणारा आवाज पेशी मारू कसा शकतो? आणि मारत असेल, तर वाटेतली कातडी, स्नायू, हाड यांना काहीच कसं होत नाही?

शंका रास्त आहेत. बातम्या यंत्राचं नाव आणि आजाराचं नाव सांगून थांबतात. मधला भाग गाळतात. खरं तर सगळं मधल्या भागातच आहे. लहर कुठून आत जाते, कुठे एकवटते आणि तिथे किती वेळ टिकते, एवढ्यावर केंद्रित अल्ट्रासाउंड नावाचं हे तंत्र उभं आहे. कोणत्या रुग्णाला याचा उपयोग होईल, हेसुद्धा बरेचदा आजाराआधी लहरीची वाट ठरवते.

ऐकू न येणारा आवाज

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ इतक्या वारंवारतेचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपनं. त्या वरचा आवाज म्हणजे अल्ट्रासाउंड. सोनोग्राफीचा प्रोब साधारण २ ते १५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २० लाख ते दीड कोटी कंपनांवर चालतो. इतक्या झपाट्याने कंप पावण्यासाठी त्यात विशिष्ट सिरॅमिकचे तुकडे असतात. वीज दिली की ते आकुंचन-प्रसरण पावतात, आणि बाहेरून दाब आला की उलट वीज निर्माण करतात. हा गुणधर्म काही स्फटिकांमध्ये पिएर आणि झाक क्युरी या भावांना १८८० मध्ये सापडला.

इतकी मोठी वारंवारता कशासाठी, याचं उत्तर तरंगलांबीत आहे. मऊ ऊतींमधून आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. या वेगाला वारंवारतेने भागलं की एका लहरीची लांबी मिळते. १ मेगाहर्ट्झला ती दीड मिलिमीटर भरते, ३.५ मेगाहर्ट्झला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. कोणतीही लहर तिच्या स्वतःच्या लांबीपेक्षा फार लहान जागेत गोळा करता येत नाही. त्यामुळे काही मिलिमीटरचा ठिपका गाठायचा, तर लहरही मिलिमीटरभरच हवी.

अमुक हर्ट्झचा सूर ऐकल्याने गाठी विरघळतात, पेशी दुरुस्त होतात, अशा दाव्यांचा निकाल इथेच लागतो. ५२८ हर्ट्झच्या सुराची शरीरातली तरंगलांबी जवळजवळ तीन मीटर येते, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा जास्त. तो सूर ऐकायला छान वाटेल, पण शरीरातल्या एखाद्या जागेवर नेम धरणं त्याला शक्यच नाही.

मग सोनोग्राफीने भाजत का नाही?

सोनोग्राफीचा प्रोब बहुतेक वेळ गप्प असतो. तो मायक्रोसेकंदभर, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापुरती एक लहर सोडतो आणि मग तिचा प्रतिध्वनी ऐकत राहतो. १५ सेंटीमीटर खोलवरून परत यायला लहरीला ३० सेंटीमीटर जावं लागतं, म्हणजे सुमारे दोनशे मायक्रोसेकंद लागतात. दोनशेपैकी एकदोन मायक्रोसेकंद बोलणं आणि उरलेला वेळ ऐकणं, असा हा हिशेब. शिवाय सोडलेली ऊर्जाही थोडी असते. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, म्हणजे एफडीएने, तपासणीच्या यंत्रांसाठी घातलेली मर्यादा वेळेच्या सरासरीने दर चौरस सेंटीमीटरला ०.७२ वॅट इतकी आहे. त्यातून जी थोडी उष्णता तयार होते, ती वाहतं रक्त सोबत घेऊन जातं.

उपचाराच्या यंत्रात दोन्ही गोष्टी उलट्या होतात. लहर काही सेकंद सलग चालू राहते आणि केंद्रबिंदूवरची तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला हजार वॅटच्या पुढे जाऊ शकते, म्हणजे तपासणीच्या मर्यादेच्या हजार पटींहून जास्त. लहर तीच, तिचा डोस वेगळा. आवाजात एवढी ताकद असते हे जुनंच ज्ञान आहे. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हां यांनी पाण्याखाली अल्ट्रासाउंड सोडणारं यंत्र बनवलं, तेव्हा लहरीच्या वाटेत आलेले मासे मेले आणि पाण्यात हात घातल्यावर वेदना झाल्या. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी ते पाहिलं आणि पुढे आल्फ्रेड लूमिस यांच्यासोबत अशा लहरींच्या भौतिक व जैविक परिणामांवरचा प्रबंध १९२७ मध्ये प्रसिद्ध केला.

लहरी एकवटायच्या कशा?

एका मोठ्या मैदानात हजार माणसं वेगवेगळ्या अंतरांवर विखुरली आहेत आणि मधोमध एक जण उभा आहे असं समजा. सगळ्यांनी एकदम टाळी वाजवली, तर मधल्या माणसाला लांबलचक कडकडाट ऐकू येईल, कारण जवळची टाळी आधी पोचेल आणि लांबची नंतर. पण लांबच्यांनी आधी आणि जवळच्यांनी थोडं थांबून वाजवली, तर हजार टाळ्या एकाच क्षणी त्याच्या कानावर आदळतील. त्याच्यापासून दहा पावलं बाजूला उभ्या असलेल्याला मात्र पुन्हा विस्कळीत कडकडाटच ऐकू येईल.

केंद्रित अल्ट्रासाउंडचं यंत्र हेच करतं. मेंदूवरच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित यंत्रात सुमारे ३० सेंटीमीटर व्यासाचा अर्धगोल असतो. त्याच्या आतल्या बाजूला १,०२४ छोटे ध्वनिस्रोत बसवलेले असतात, आणि प्रत्येकाला किती उशिराने सुरू व्हायचं हे संगणक ठरवतो. अर्धगोलाच्या आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस सेंटीमीटर. तिथून निघालेली ऊर्जा काही मिलिमीटरच्या जागेत येऊन मिळते. कातडीवर कुठेही बोट ठेवलं, तरी तिथून जाणारा वाटा नगण्य असतो. दुसरी शंका, म्हणजे वाटेतलं शरीर कसं वाचतं, तिचं उत्तर एवढंच आहे.

हा केंद्रबिंदू गोल ठिपक्यासारखा नसतो. उथळ वाडग्यासारख्या साध्या ट्रान्सड्यूसरमधून, म्हणजे ध्वनिस्रोतातून, तो लहरीच्या दिशेने लांबट होतो. रुंदी दीडदोन मिलिमीटर आणि लांबी त्याच्या कितीतरी पट. म्हणून लक्ष्याच्या मागेपुढे नाजूक नस असेल, तर डॉक्टर लहरीची दिशाच बदलतात.

पेशी मरायला किती उष्णता लागते?

ताप आला म्हणून पेशी मरत नाहीत. तापमान आणि वेळ यांचा मिळून एक हिशेब असतो आणि उपचारात तोच वापरतात. ४३ अंश सेल्सिअसला २४० मिनिटं राहिलेली ऊती नष्ट झाली असं बऱ्याच ऊतींसाठी धरलं जातं. त्यापुढे दर अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो. ४४ अंशांना १२० मिनिटं, ५० अंशांना जेमतेम दोन मिनिटं आणि ५७ अंशांना एका सेकंदाहूनही कमी.

या निम्मेपणाचा मोठा फायदा होतो. केंद्रबिंदू ५७ अंशांवर असताना त्याच्या कडेला काही मिलिमीटरवर ४४ अंश असले, तर तिथल्या ऊतीला धोका पोचायला दोन तास लागतील. प्रत्यक्षात लहर १०-२० सेकंदांत बंद होते. त्यामुळे मेलेल्या आणि जिवंत ऊतींमधली सीमा बरीच रेखीव राहते. अडचण येते ती मोठ्या रक्तवाहिनीजवळ. वाहतं रक्त उष्णता पळवतं, त्यामुळे वाहिनीला चिकटलेला गाठीचा भाग पुरेसा तापत नाही आणि जिवंत राहू शकतो.

शरीराच्या आतलं तापमान सुई न टोचता मोजायचं कसं, हा प्रश्न अनेक वर्षं अडून होता. तो एमआरआयने सोडवला. एमआरआयमध्ये पाण्यातले हायड्रोजनचे केंद्रक ठरावीक वारंवारतेला प्रतिसाद देतात. ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात ती सुमारे १२ कोटी ८० लाख हर्ट्झ असते. तापमान एक अंशाने वाढलं की ही वारंवारता साधारण सव्वा हर्ट्झने उतरते. बारा कोटींतला सव्वा. पण यंत्राला तो फरक मोजता येतो आणि दर काही सेकंदांनी तापमानाचा नकाशा पडद्यावर येतो. यात एक उणीव आहे: चरबीचे हायड्रोजन असा बदल दाखवत नाहीत. चरबी तापत असली तरी नकाशाला ते कळत नाही, आणि पोटावरच्या उपचारांत कातडीखाली भाजण्याचा धोका काही अंशी यामुळेच राहतो.

वाटेतले अडथळे: हवा, हाड आणि श्वास

ऊतींमधून जाताना आवाज क्षीण होतो. मऊ ऊतींमध्ये ढोबळमानाने दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे अर्धा डेसिबल घटतो. याचा अर्थ १० सेंटीमीटर खोलवर १ मेगाहर्ट्झच्या लहरीची एक तृतीयांश ऊर्जा पोचते, तर ५ मेगाहर्ट्झच्या लहरीची जेमतेम ०.३ टक्के. बारीक नेम हवा तर वारंवारता वाढवावी लागते, आणि वाढवली की लहर खोल जात नाही. प्रत्येक यंत्र या ओढाताणीत कुठेतरी मध्यम मार्ग काढतं. पुरःस्थ ग्रंथीवर, म्हणजे प्रोस्टेटवर, गुदमार्गातून उपचार करताना अंतर तीनचार सेंटीमीटरच असतं, म्हणून तिथे ३-४ मेगाहर्ट्झ चालतं. कवटीतून जायचं तर ०.६५ मेगाहर्ट्झपर्यंत खाली यावं लागतं.

हवा हा सर्वांत कडक अडथळा. ऊतीतून हवेत जाताना लहरीची ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. सोनोग्राफीआधी जेल लावतात ते प्रोब सरकावं म्हणून नव्हे. कातडी आणि प्रोब यांच्यामधली हवा काढायला. उपचारात तर याची काळजी अतोनात घ्यावी लागते. डोक्याचे केस पूर्ण काढतात, कारण केसांत बुडबुडे अडकतात. मध्ये वापरलं जाणारं पाणी विरघळलेले वायू काढून टाकलेलं असतं. साध्या पाण्यात लहरीमुळे बुडबुडे उमटतील, ऊर्जा तिथेच अडेल आणि कातडी भाजेल. फुप्फुसांत हवाच हवा, त्यामुळे तिथल्या गाठी जवळपास आवाक्याबाहेर. आतड्यातल्या वायूचंही तेच. गर्भाशयातल्या फायब्रॉइडवर उपचार करताना आतडं मध्ये येत असेल, तर मूत्राशय किंवा गुदाशय पाण्याने किंवा जेलने फुगवून आतडं बाजूला सारतात.

हाडाचं दुखणं निराळं आहे. ते ऊर्जा शोषतं आणि तापतं, शिवाय लहरीचं वेळापत्रकही बिघडवतं. कवटीतला आवाजाचा वेग सेकंदाला २,८०० मीटर धरू. मऊ ऊतीपेक्षा तो वेगाने जातो, म्हणून कवटीचा प्रत्येक मिलिमीटर लहरीला सुमारे ०.२९ मायक्रोसेकंद लवकर पोचवतो. ०.६५ मेगाहर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन १.५४ मायक्रोसेकंदांचं असतं. म्हणजे दोन ठिकाणी कवटीची जाडी केवळ अडीच मिलिमीटरने वेगळी असली, तरी तिथून आलेल्या लहरी एकमेकींच्या जवळजवळ अर्धं आवर्तन पुढेमागे पडतात आणि एकमेकींना खोडतात. कवटीच्या जाडीत एवढा फरक सर्रास असतो.

विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी इलिनॉय विद्यापीठात १९५० च्या दशकातच मेंदूवर केंद्रित अल्ट्रासाउंड वापरून पाहिला होता, पण त्यासाठी त्यांना कवटीचा तुकडा काढावा लागे. मग चाकूविना उपचाराचा अर्थच उरत नव्हता. आता रुग्णाचा सीटी स्कॅन घेऊन कवटीची जाडी आणि घनता जागोजाग मोजतात आणि १,०२४ स्रोतांपैकी प्रत्येकाची वेळ त्यानुसार दुरुस्त करतात. कल्पना तयार होती; संगणक आणि एमआरआय मागून आले.

तिसरा अडथळा श्वासाचा. श्वासासरशी यकृत एकदोन सेंटीमीटर वरखाली सरकतं. मिलिमीटरचा नेम धरायचा, तर लक्ष्य इतकं हलून चालत नाही.

हाताचा कंप: प्रक्रिया कशी होते

या तंत्राचा सर्वांत पक्का पुरावा इसेन्शियल ट्रेमर या विकारात आहे. हा पार्किन्सन नव्हे. पार्किन्सनमध्ये हात स्वस्थ असताना जास्त थरथरतो. इथे काही करायला गेलं की. कप ओठांशी नेताना, सही करताना, गुंडी लावताना. औषधांनी भागलं नाही तर थॅलॅमस या मेंदूच्या भागातलं एक छोटं केंद्र निकामी केल्यास कंप कमी होतो, हे जुन्या शस्त्रक्रियांपासून माहीत होतं. एफडीएने जुलै २०१६ मध्ये यासाठी केंद्रित अल्ट्रासाउंडला मान्यता दिली.

आधी सीटी स्कॅनवरून कवटीचा एक आकडा काढतात. कवटीत बाहेरचे दोन टणक थर आणि मध्ये सच्छिद्र थर असतो. सच्छिद्र थराच्या घनतेचं टणक थराशी गुणोत्तर साधारण ०.४० च्या खाली गेलं, तर पुरेशी ऊर्जा आत पोचणं कठीण होतं. आजार तोच, त्रास तेवढाच, तरी अशा रुग्णाला नकार मिळू शकतो.

उपचाराच्या दिवशी डोकं पूर्ण भादरून त्यावर धातूची चौकट घट्ट बसवतात. भूल फक्त चौकट टोचते तिथली. अर्धगोल आणि डोकं यांच्यामध्ये रबरी पडदा लावून थंड, वायुरहित पाणी खेळवतात, म्हणजे कवटी तापणार नाही. रुग्ण एमआरआयमध्ये जागा असतो, आणि ते गरजेचं आहे. पहिल्या काही फेऱ्यांत लक्ष्य ४० ते ४५ अंशांपर्यंतच तापवतात. एवढ्या तापमानाला पेशी मरत नाहीत, तात्पुरत्या सुस्तावतात. लगेच रुग्णाला कागदावर गोलगोल वेटोळं काढायला सांगतात, बोलायला लावतात, ओठ किंवा बोटं बधिर झाली का विचारतात. रेषा सुधारली आणि दुसरा त्रास नाही, म्हणजे जागा बरोबर. ओठ बधिर झाले, तर नेम मिलिमीटरभर सरकवायचा. खात्री पटल्यावरच तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत नेतात. दर फेरी काही सेकंदांची आणि दोन फेऱ्यांमध्ये कवटी थंड व्हायला काही मिनिटं. यामुळेच सगळं मिळून काही तास लागतात.

निकाल काय? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६ रुग्णांच्या चाचणीत काहींना खरा उपचार दिला, काहींना यंत्रात ठेवून फक्त देखावा केला. तीन महिन्यांनंतर खऱ्या गटात हाताच्या कंपाचा गुणांक सरासरी ४७ टक्क्यांनी सुधारला. देखाव्याच्या गटात ०.१ टक्क्याने. आकडा भक्कम आहे. पण त्याच चाचणीत ३६ टक्के रुग्णांना चालताना तोल जाण्याचा आणि ३८ टक्क्यांना मुंग्या किंवा बधिरपणाचा त्रास झाला. वर्षभराने हे प्रमाण अनुक्रमे ९ आणि १४ टक्के उरलं. बातम्यांमध्ये पहिला आकडा येतो, दुसरे येत नाहीत.

'चाकू न लावता' हे शब्द खरे असले, तरी मेंदूचा एक भाग इथे मुद्दाम जाळला जातो आणि तो परत येत नाही. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या पर्यायी शस्त्रक्रियेत कवटीला भोक पाडावं लागतं, पण विजेचं प्रमाण नंतर कमीजास्त करता येतं. दोन्हीतलं काय निवडावं हे रुग्णाच्या वयावर, प्रकृतीवर आणि दोन्ही हातांवर उपचार हवा की एकाच, यावर ठरतं.

उष्णतेशिवाय: मुतखड्यापासून हिस्टोट्रिप्सीपर्यंत

आवाजाने शरीरात काही फोडण्याचा अनुभव वैद्यकाला चाळीसहून अधिक वर्षांचा आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक इथे बाहेरून दिलेल्या दाबाच्या धक्क्यांनी पहिल्यांदा रुग्णाचा मुतखडा फोडला गेला. त्या यंत्रात अर्ध्या लंबगोलाच्या आकाराचं धातूचं पात्र होतं. लंबगोलाला दोन नाभी असतात. एकीवर पाण्यात विजेची ठिणगी पाडली की तिचे सगळे धक्के परावर्तित होऊन दुसरीवर गोळा होतात, आणि तिथे खडा येईल असं रुग्णाला ठेवायचं. लिथोट्रिप्सी ती हीच.

तिने एक धडा दिला. मिनिटाला १२० ऐवजी ६० धक्के दिले तर खडा जास्त चांगला फुटतो. घाई केली की आधीच्या धक्क्याने उठलेले बुडबुडे विरण्याआधीच पुढचा धक्का येतो आणि त्याची ताकद बुडबुड्यांतच संपते.

लिथोट्रिप्सीत अडथळा ठरणारे हे बुडबुडेच पुढे हत्यार झाले. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने विकसित केलेल्या या पद्धतीला हिस्टोट्रिप्सी म्हणतात. ध्वनिलहरीत दाब आळीपाळीने वाढतो आणि घटतो. घटीच्या टप्प्यात ऊतीतलं पाणी अक्षरशः ताणलं जातं. हा ताण साधारण २५ ते ३० मेगापास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या अडीचशे-तीनशे पट गेला, की पाणी तुटतं आणि सूक्ष्म बुडबुड्यांचा ढग तयार होतो. ते क्षणात फुगतात आणि कोसळतात. त्या हिसक्यांनी आसपासच्या पेशी फाटतात. अशा हजारो धक्क्यांनंतर तिथे पेशी उरत नाहीत, नुसता पातळ लगदा उरतो, आणि तो शरीर हळूहळू शोषून घेतं.

धक्के काही मायक्रोसेकंदांचे आणि मधली विश्रांती त्याहून कितीतरी मोठी, म्हणून उष्णता साठत नाही. मग मोठ्या रक्तवाहिनीजवळ उष्णता पळून जाण्याचा प्रश्नही उरत नाही. दुसरं, रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका यांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. पेशी फाटतात त्या ताकदीला त्या सहसा टिकून राहतात. तिसरा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो: बुडबुडे साध्या सोनोग्राफीवर लख्ख पांढरे दिसतात. कुठे काम चाललं आहे ते डॉक्टरांना त्याच क्षणी दिसतं, एमआरआयची गरज पडत नाही. श्वास आटोक्यात राहावा म्हणून रुग्णाला पूर्ण भूल देतात आणि यंत्राचा हात ढगाला गाठीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो. यकृतातल्या गाठींसाठी एफडीएने ऑक्टोबर २०२३ मध्ये याला मान्यता दिली.

'गाठ फोडली की कॅन्सर पसरणार नाही का?'

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो यायलाच हवा. पेशी अख्ख्या सुटून रक्तात गेल्या, तर भीती खरी ठरेल. हिस्टोट्रिप्सीत पेशींचं आवरणच फाटतं, त्यामुळे लगद्यात जिवंत पेशी फारशा उरू नयेत असं तर्क सांगतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पसरण्याचं प्रमाण ठळकपणे वाढल्याचं दिसलेलं नाही. उलट फाटलेल्या पेशींचे तुकडे पाहून प्रतिकारशक्ती जागी होत असल्याच्या खुणा काही प्रयोगांत दिसल्या. पण माणसांत या दोन्ही गोष्टी ठरवायला वर्षानुवर्षांची पाहणी लागते, आणि हे तंत्र अजून नवं आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवून दूरच्या गाठीही नाहीशा करतं' अशी जाहिरात दिसली, तर ती पुराव्याच्या बरीच पुढे धावते आहे असं समजावं.

यकृताच्या ज्या चाचणीवर मान्यता आधारली, तिच्यात रुग्ण ४४ होते आणि तांत्रिक यश ९५ टक्के. इथे तांत्रिक यश याचा अर्थ नीट पाहायला हवा. ठरवलेली जागा उपचाराखाली आली असं स्कॅनवर दिसलं, एवढाच तो अर्थ. रुग्ण किती वर्षं जगला किंवा गाठ परत आली का, हे तो आकडा सांगत नाही. त्याच चाचणीत ७ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली.

मेंदूचं दार थोडा वेळ उघडणं

एक उपयोग असाही आहे ज्यात काहीच नष्ट करायचं नसतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली बहुतेक औषधं, विशेषतः मोठ्या रेणूंची, मेंदूत शिरत नाहीत. शिरेतून काही मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढे, वायूचे बुडबुडे सोडून वर सौम्य अल्ट्रासाउंड दिला की बुडबुडे वाहिनीत धडधडतात आणि त्या सांध्यांत फटी पडतात. काही तासांत, फार तर दिवसभरात, त्या पुन्हा मिटतात. तेवढ्या वेळात औषध आत जातं. कुलर्वो हुनिनेन यांच्या गटाने हे २००१ मध्ये सशांवर दाखवलं; २०१५ मध्ये टोरंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात मेंदूतल्या गाठीच्या रुग्णावर पहिल्यांदा केलं गेलं. कॅन्सर आणि अल्झायमर या दोन्हींसाठी चाचण्या चालू आहेत. दाब थोडा जास्त झाला तर बारीक रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून बुडबुड्यांचा आवाज सतत ऐकून ऊर्जा कमीजास्त करतात.

मग सगळ्याच गाठींवर का नाही?

वर सांगितलेले अडथळे एकत्र ठेवले की उत्तर मिळतं. फुप्फुसं आणि आतडी हवेमुळे वगळली जातात. मेंदूत कवटीच्या आकारामुळे मध्यभागी नेम चांगला लागतो, पण कवटीलगतच्या भागात लहरी फार तिरप्या पडतात आणि हाडच जास्त तापतं. मोठी गाठ मिलिमीटर मिलिमीटरने पुसून काढायला तासन्‌तास लागतात. हिस्टोट्रिप्सीच्या यकृतावरच्या चाचणीतही तीन सेंटीमीटरपर्यंतच्याच गाठी घेतल्या होत्या. रक्ताचा कॅन्सर किंवा सगळीकडे पसरलेला आजार यात तर नेम धरायला जागाच नसते.

किरणोत्सर्गाची भीती मात्र इथे नाही. ध्वनिलहर हे दाबाचं कंपन आहे; ती अणूंमधले इलेक्ट्रॉन उखडत नाही, डीएनए तोडणाऱ्या किरणांच्या जातीची ती नाही. म्हणून गरज पडली तर उपचार पुन्हा करता येतो, जे रेडिएशनच्या बाबतीत एका मर्यादेनंतर जमत नाही.

डॉक्टरांना काय विचारावं

कुणी हा उपचार सुचवला, तर पहिला प्रश्न वाटेचा: कातडीपासून लक्ष्यापर्यंत लहर कशाकशातून जाणार, आणि मध्ये बरगडी, आतडं किंवा जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का? व्रणाची ऊती ऊर्जा जास्त शोषते आणि तिथे भाजू शकतं. दुसरा प्रश्न, काम चालू असताना कशावर लक्ष ठेवणार, तापमानाच्या नकाशावर की सोनोग्राफीतल्या बुडबुड्यांवर? एमआरआय लागणार असेल, तर शरीरातला पेसमेकर किंवा धातूचं रोपण आधीच सांगायला हवं. काही रोपणांसह एमआरआयमध्ये जाताच येत नाही. सांगितलेला यशाचा टक्का कशाचा आहे, स्कॅनवरच्या डागाचा, लक्षणांचा की जगण्याच्या वर्षांचा, हेही विचारावं. हा उपचार त्या देशातल्या नियंत्रक संस्थेने नेमक्या याच आजारासाठी मान्य केला आहे, की चाचणीचा भाग म्हणून दिला जातो आहे? चाचणी असेल तर संमतिपत्र घरी नेऊन निवांत वाचायला मागावं.

कंपावरच्या उपचारासाठी जाणाऱ्याने कवटीच्या गुणोत्तराचा आकडा आधीच काढून घ्यावा. त्यासाठी साधा सीटी स्कॅन पुरतो, आणि दूरचा प्रवास करून केस भादरण्याच्या आदल्या दिवशी नकार ऐकण्याची वेळ येत नाही.